चित्रातली ही कोण?

दसऱ्याच्या माझ्या यादीत झेंडू कायम शेवटी असतो. आधी आणला तर कोमेजतो, उशिरा आणला तर चेंगरलेला मिळतो; म्हणून बाकीच्या सगळ्या ओळींसमोर बरोबरची खूण झाली, की आदल्या दिवशी सकाळी झेंडू. यंदाही तसंच ठरलं होतं. पण परवा द्वारकेच्या चौकात रिक्षा अडकली. पुढे ट्रक, शेजारी एसटी, मागून हॉर्न. आणि रस्त्याच्या कडेला क्रेटमधून ताडपत्रीवर ओतलेला झेंडू. पिवळा वेगळा, नारिंगी वेगळा. ऊन चढलं होतं, कोणीतरी ढिगावर पाणी शिंपडत होतं, आणि तो वास सरळ रिक्षात आला.

त्या वासाला सुगंध म्हणायला मी धजत नाही. मोगऱ्याला म्हणावं. झेंडूचा वास कडवट, हिरवा, थोडा औषधासारखा; पान चुरडलं की आणखी उग्र. लोकांना त्यानं देवघर आठवत असेल, दारावरचं तोरण आठवत असेल. मला चित्रांची पुस्तकं आठवतात. माझ्या कपाटात अकरा पुस्तकं अशी आहेत, की ज्यांच्या पानांचे उजवे कोपरे नारिंगी झालेले आहेत. पान उलटायला लहान बोट जिथं लागतं, नेमकं तिथं.

रिक्षावाला म्हणाला, “ताई, उतरून चालत गेलात तरी आधी पोचाल.”

“राहू द्या,” मी म्हटलं, “घाई नाही.”

हे वाक्य माझ्या तोंडून वर्षातून एखाद्या वेळीच निघतं.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं काम केलं. माल आला, लिहा. माल गेला, लिहा. तिथं पहिल्या आठवड्यात शिकवलेली एक गोष्ट मी अजून पाळते. नोंद चुकली तर खोडरबर वापरायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नोंद, आणि सही. शिवाय शेवटी एक रकाना असतो, ‘तपासले’. त्यात दुसऱ्या कोणाची तरी सही लागते. ज्यानं चूक केली, त्यानंच ती दुरुस्ती तपासायची नसते.

सात वर्षांपूर्वीच्या नवरात्रात हा नियम मला कारखान्याबाहेर पहिल्यांदा लागला.

त्या वर्षी मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि मी पोटमाळा आवरायला काढला. यादीत एक ओळ होती, ‘पुस्तकं, द्यायची’. खोक्यात त्याची लहानपणची चित्रांची पुस्तकं होती. जाड पुठ्ठ्याची, कोपरे चावलेली. आमची कॉलनी मखमलाबादकडे आहे. शेवटची इमारत संपली की मळे लागतात. पहिलाच मळा फुलांचा. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये नवरात्रापासून दिवाळीपर्यंत बायका माळा ओवतात आणि त्यांची पोरं आसपास लोळत असतात, हे मी गच्चीवरून रोज बघत होते. खोकं घेऊन गेले.

शेडमध्ये सात-आठ जणी पोत्यांवर बसल्या होत्या. मधे फुलांचा ढीग, बांबूवर टांगलेल्या तयार माळा. मळेवाल्यांची सून संगीता सगळ्यांवर लक्ष ठेवून होती. तिशीची असेल. माझ्याशी बोलताना तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. सुई फुलातून फुलात चालली होती.

“पुस्तकं? इथं वाचनार कोण ताई? सगळी ढेकळाएवढी पोरं. ठेवून गेलात तर दोन दिसांत पार फाडून टाकतील.”

“मग मी वाचून दाखवते.”

“किती वेळ?”

“रोज दहा ते अकरा.”

आता तिनं वर पाहिलं. “साडेअकरा नाय का करता येणार? टेम्पो बाराला येतो.”

ही बाई आपल्या जातकुळीची, हे मला तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन गेले. मुलाचं नाव, वय, पुस्तक, काय ओळखता आलं, शेरा आणि सवयीनं शेवटी ‘तपासले’. एक बादली, साबण, नॅपकिन. नियम पहिला, हात धुवून पुस्तकाला हात लावायचा. मुलांनी नियम अगदी मनापासून पाळला, पण झेंडूचा रंग साबणाला जुमानत नाही. चौथ्या दिवशी मी शेऱ्यात ‘डाग’ लिहिणं सोडून दिलं.

नऊ मुलं होती, तीन ते सहा वयाची. एक पुस्तक त्यांनी रोज मागितलं. त्यात फारसे शब्द नव्हतेच. एक घर, एक लहान मुलगी, आणि प्रत्येक पानावर घरातलं एक माणूस तिच्याशी खेळतंय. बाबा घोडा झालेत. आजोबा पेपरची टोपी करून देतायत. दादानं खाटेवर चादर टाकून घर केलंय. आणि आई दाराच्या पडद्याआड लपली आहे. तिचं अर्धं तोंड दिसतंय, अर्धं नाही. मी एकेका चित्रावर बोट ठेवून विचारायची, “हा कोण? ही कोण?” ओळखलं की रजिस्टरमध्ये बरोबरची खूण.

घोड्याच्या पानावर रोज वाद व्हायचा.

“आमचे पप्पा घोडा नाय होत,” सार्थक नावाचा पाच वर्षांचा मुलगा सांगायचा. “त्यांला मणक्याचा पट्टा हाय.”

“माझे आप्पा दुपारी पालथे झोपत्यात,” पायल म्हणायची, “मी पाठीवर बसून घेते. त्यांला कळत बी नाय.”

आजोबांच्या पानावर सगळ्यांना एकच प्रश्न पडे, “ह्या म्हाताऱ्याला काम नाय का?”

हसायला येई, पण मी पुढं सरकायची. अकरा पुस्तकं, नऊ मुलं, दीड तास. आज ते आठवताना वाटतं, सगळी गंमत त्या वादातच होती आणि मी घड्याळ बघत होते.

या नऊ जणांत एक ईश्वरी होती, संगीताची मुलगी. तिला चार वर्षं पूर्ण झालेली. ती घोळक्यात येत नसे. क्रेटला पाठ लावून बसायची, हातात ओवणीच्या दोऱ्याचा एक तुकडा, आणि डोळे पुस्तकावर. पान उलटलं की तिची मान पुढं व्हायची. बोलायची मात्र नाही. दुसऱ्याच दिवशी टेम्पोत माळा भरून झाल्यावर संगीतानं मला बाजूला घेतलं होतं.

“ताई, माझी ईशू बोलत नाय. पाणी म्हनती, दे म्हनती, नको म्हनती. बस. कान तपासले, डॉक्टर म्हने कान चांगले हायेत. शेजारच्या म्हनत्यात जीभ जड हाय.” मग तिनं पदरानं कपाळ पुसलं, आणि पुढचं जरा हळू म्हणाली, “मला अजून हाक नाय मारली तिनं. एकदा बी. जूनला शाळंत घालायची. तिथं काय लागलं-सवरलं तर कुनाला कशी हाक मारंल? तुमच्या पुस्तकानं काय होतंय का बघा.”

मी त्या संध्याकाळी यादीत लिहिलं, ‘ईश्वरी, बोलणं. जूनपूर्वी.’ जणू मागवलेला सुटा भागच.

आणि पाचव्या दिवशी ती बोलली.

पडद्याआडच्या आईचं पान होतं. मी विचारलं, “ही कोण?” मुलं नेमकी सार्थकच्या शर्टावरच्या सुरवंटाकडे बघत होती. त्या क्षणभराच्या शांततेत क्रेटकडून आवाज आला. घोगरा, बरेच दिवस न फिरवलेल्या कुलपासारखा.

“वहिनी.”

मी काय केलं? मला आनंद झाला, हे खरं. पण तोंड आधी सवयीच्या मागे गेलं. “नाही गं राणी,” मी म्हटलं, “वहिनी नाही. ही आई. म्हण बघू, आ-ई.”

मुलं वळली. “आईला वहिनी म्हनती!” पायल ओरडली आणि सगळी हसली. ईश्वरीनं दोऱ्याचा तुकडा तोंडात घातला. मान खाली. मी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहिलं, ‘आईच्या चित्राला वहिनी म्हणाली’, आणि पुढे फुली मारली.

साडेअकराला निघताना मी संगीताला सांगितलं, अगदी मदत करतेय अशा सुरात, “ईश्वरीला नात्यांचे शब्द जरा घरी शिकवा. आज आईच्या चित्राला वहिनी म्हणाली.”

तिची सुई थांबली. इतक्या दिवसांत ती सुई बोलता बोलता थांबलेली मी पाहिली नव्हती.

“कोन म्हनली?”

“ईश्वरी.”

“बोलली? ईशू बोलली?” ती उठून उभीच राहिली, ओटीतली फुलं खाली सांडली. “काय म्हनली ताई? परत सांगा.”

“वहिनी.”

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “अवो, मंग बरोबरच म्हनली की!”

शेजारी तिची नणंद कावेरी बसली होती. कॉलेजला जायच्या आधी तीही दोन तास माळा ओवायची. तिनं मला समजावून सांगितलं, ढ मुलाला गणित सांगावं तसं. “मॅडम, मी हिला वहिनी म्हणते. माझे दोन्ही धाकटे भाऊ वहिनी म्हणतात. या सगळ्या मावश्या वहिनी म्हणतात. दादा तर हाकच मारत नाही, नुसता ‘अगं’ म्हणतो. आता सांगा, आमच्या घरात आई हा शब्द तिच्या कानावर पडणार कुठून? हिचं नाव वहिनीच की!”

संगीता धावत क्रेटकडे गेली. ईश्वरीसमोर उकिडवी बसली. “ईशू, म्हन ना गं. मला म्हन. वहिनी म्हन.” ईश्वरीनं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. संगीता उठली. सांडलेली फुलं ओटीत भरून माळा मोजायला लागली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी आले. चपला काढल्या आणि रोजच्यासारखी आत हाक मारली, “काकू, चहा ठेवू का गं?”

आणि चहाचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

काकू म्हणजे माझी आई. आमचं सिन्नरचं घर एकत्र होतं. चुलत भावंडं सहा, मी एकटी आणि सगळ्यांत धाकटी. ती सहाजण तिला काकू म्हणत, म्हणून मीही काकू म्हणायला लागले आणि तेच राहिलं. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, सोडायला कोण आलंय? मी सांगितलं, काकू. बाई म्हणाल्या, “आणि आई कुठे आहे?” मी पुन्हा काकूकडेच बोट दाखवलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून मी बाहेर ‘आई’ म्हणायचं आणि घरात ‘काकू’, अशी दोन खाती ठेवली. इतकी चोख, की पंचेचाळीस वर्षांत एकाची नोंद दुसऱ्यात गेली नाही. आणि तीच मी, चार वर्षांच्या पोरीला सांगून आले, की तुझा शब्द चुकीचा आहे.

“चहा ठेवतेयस की डब्याशी बोलतेयस?” काकूनं आतून विचारलं. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची होती. आता पंच्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, बोलणं तेवढंच धारदार.

मी तिला सगळं सांगितलं. मग विचारलं, “काकू, तुला कधी वाटलं नाही, मी आई म्हणावं?”

“म्हणालीस की एकदा. टायफॉइड झाला होता तुला, सातवीत. तापात आई, आई करत होतीस. मी घाबरलेच. तुझ्या अण्णांना म्हटलं, डॉक्टरांना बोलवा, पोर भ्रमात गेली.”

मला हसू आवरेना. तीही हसली. मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, “अगं, हाक म्हणजे काय, आपल्याकडे यायची वाट. ती कुठल्या नावानं आली, याला काय करायचंय? आली म्हणजे झालं. उद्या मला घेऊन जा तिथं.”

दुपारी मी रजिस्टर काढलं. फुलीवर एक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘बरोबर’. खाली सही केली. आणि मग शेवटच्या रकान्यापाशी पेन अडलं. ‘तपासले’. इथं कोणाची सही घ्यायची? संगीताची घ्यावी, असं वाटलं. पण तिनं तरी कुठं ती हाक ऐकली होती? रकाना कोराच ठेवला.

दसऱ्याला दोनच दिवस उरले होते. ते दिवस ज्यानं फुलवाल्यांच्या शेडमध्ये काढले नाहीत, त्याला घाई या शब्दाचा अर्थ कळायचा नाही. पहाटे दवासकट तोडलेली फुलं गाडीभर येऊन पडतात. बायकांची बोटं हिरवी-काळी होतात. कुणी कुणाशी बोलत नाही. नुसता दोरा ओढल्याचा सुळसुळ आवाज, आणि पत्र्यावर तापत जाणारं ऊन. ईश्वरी दुसऱ्या दिवशी क्रेटच्या मागेच होती. मला बघितलं की आणखी आत सरकायची.

काकूला मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मुलं भोवती जमली. नवीन माणूस म्हणजे नवीन पुस्तकच.

“ही कोन?” सार्थकनं माझाच प्रश्न मला विचारला.

“ही माझी काकू.”

“म्हंजी तुमच्या काकाची बायको?”

“नाही रे. मी हिच्याच पोटची. पण मी हिला काकू म्हणते.”

हशाचा फटाकाच. “आईला काकू! आईला काकू!” पायल तर पोत्यावर लोळली. मी हसू दिलं. पहिलीत जे हसणं मला इतकं लागलं होतं, ते आता अंगावर झेंडूच्या पाकळ्या पडाव्यात तसं पडत होतं.

“हसा, हसा,” काकू म्हणाली. “तुम्ही काय म्हणता रे आपापल्या आईला?”

“मम्मी.”

“बाई.”

“मी ताई म्हनतो. मामा तसंच म्हनतो.”

“मी आजीला मोठी आई म्हनते आन आईला नुसतं ए म्हनते,” पायल बोलली, आणि आता हसायची पाळी इतरांची आली.

मी पुस्तक उघडलं, पडद्याआडचं पान काढलं. या वेळी विचारलं नाही. म्हटलं, “ही कोणीतरी आहे आणि लपली आहे. आपण हा खेळ खेळू या. संगीता, दहा मिनिटं उठ.”

“ताई, आज? चारशे माळा बाकी हायेत!”

“दहा मिनिटं. घड्याळ लावते. तुझी सुई मी धरते.”

“तुमाला येतंय का ओवायला?”

“तिला नाही येत, मला येतं,” काकू म्हणाली आणि संगीताच्या हातातली सुई तिनं काढूनच घेतली.

संगीता लाजत उठली. आजूबाजूच्या बायका चेष्टा करायला लागल्या, “लपा वहिनी, लपा! चांगल्या दिसाल!” ती बांबूवर टांगलेल्या माळांच्या मागे गेली. नारिंगी पडदा हलला, थांबला. मग आतून आवाज आला, “बुवाऽऽ... कुक!” तिनं माळा बाजूला सारून तोंड काढलं. मुलं किंचाळली. पुन्हा. पुन्हा. ईश्वरी क्रेटच्या मागून डोकं काढून बघत होती. आम्हा सगळ्यांची नजर तिच्यावर आणि तेच चुकत होतं बहुतेक. दहाव्यांदा ‘कुक’ झालं तरी ती काही बोलली नाही. उलट उठली आणि शेडच्या मागच्या बाजूला निघून गेली.

घड्याळ वाजलं. संगीता बाहेर आली. केसात पाकळ्या, चेहरा उतरलेला. “असू द्या ताई,” ती म्हणाली, “तुमी केलं तेवढं खूप केलं.” ती पोत्यावर बसली, काकूकडून सुई घेतली आणि मान खाली घातली. मी पुस्तक मिटलं. मुलं सुरवंट शोधायला पांगली. दोऱ्याचा सुळसुळ आवाज पुन्हा सुरू झाला.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. एरवी मी सांगू शकते.

बांबूवरच्या माळा हलल्या. वारा नव्हता. माळांच्या खाली दोन लहान पाय दिसत होते, मातीनं भरलेले, एका पायात दोऱ्याचा तुकडा अडकलेला. आणि मागून तो घोगरा आवाज आला.

“वहिनीऽऽ... कुक!”

कावेरीनं माझा हात इतक्या जोरात धरला, की तिच्या बांगडीचा वळ उमटला. संगीता उठली नाही, रडली नाही, धावलीही नाही. तिनं काय केलं ते मला आजही थक्क करतं. हातातली सुई तशीच धरून तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, ढिगाखाली वाकून पाहिलं आणि खेळातल्या माणसानं म्हणावं तसं म्हणाली, “अगं बाई, कुठं गेली माझी ईशू? ह्या फुलात हाय का? ह्या क्रेटात हाय का?” आवाज चिरत होता, पण खेळ तिनं मोडला नाही. माळांमागून खिदळणं आलं.

“वहिनी, हितं!”

मग मात्र संगीता माळांमध्ये शिरली आणि पाच-सहा माळा तुटून खाली आल्या. त्या कोणी मोजल्या नाहीत.

त्यानंतर कितीतरी वेळा मी विचार केला. आम्ही तिला सांगत होतो, म्हण, म्हण. आईनं लपून हाक मारायची आणि हिनं ओळखायचं, असं पुस्तकात होतं. पण त्या पोरीला उत्तर द्यायचं नव्हतं. तिला आपल्यावर राज्य नको होतं, आपला डाव हवा होता. तिला कोणीतरी शोधायला हवं होतं. हे मला कुठल्याही पुस्तकातून कळलं नसतं. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

जूनमध्ये ईश्वरी शाळेत गेली. भाषा हळूहळूच आली, पण आली. दिवाळीनंतर पायलशी भांडण करण्याइतकी आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या चुका काढण्याइतकी. मी दरवर्षी नवरात्रात शेडमध्ये जाते. मुलं बदलतात, वाद तोच असतो. बाबांना घोडा होता येतं की नाही. आता मी घड्याळ बघत नाही. निदान पुस्तकाच्या आड धरून बघते. ‘ही कोण?’ विचारते आणि येईल ते उत्तर लिहून घेते. त्या रकान्यात आजवर मम्मी, बाई, माय, ताई, काकी, वहिनी, एकदा तर ‘सरपंच’ असंही आलं आहे. सगळ्यांपुढे बरोबरची खूण.

काल यादीतली शेवटची ओळ पुरी करायला मळ्यात गेले. द्वारकेला आलेला वास इथं कमरेपर्यंत होता. ईश्वरी आता अकरा वर्षांची आहे. यंदा माझा घसा बसलाय, म्हणून आठवडाभर तीच लहान मुलांना वाचून दाखवतेय. आजोबांच्या पानावर ती एक वाक्य स्वतःचं घालते, “यांचं काम झालंय, म्हणून बसलेत.” मुलांचं समाधान होतं. मला सात वर्षांत हे सुचलं नव्हतं.

वाचून झाल्यावर ती माझी पिशवी आवरत होती. जुनं रजिस्टर तिच्या हाती लागलं. दसऱ्याला पुस्तकांबरोबर मी त्याचीही पूजा करते, म्हणून कपाटातून काढलं होतं, ते पुस्तकांसोबत पिशवीतच राहिलं होतं. तिनं पानं उलटली आणि थांबली.

“मावशी, इथं माझं नाव हाय. ही फुली कशाची? आणि फुलीवर रेघ का मारलीय?”

मी सांगितलं. जेवढं झालं तेवढं सगळं. तिला यातलं काहीही आठवत नव्हतं.

“मी बोलत नव्हते?” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की दोन बायका वळून हसल्या. “आता तर सगळे म्हणतात, जरा तोंड बंद ठेव!” मग तिनं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “आणि इथं काहीच नाय लिहिलं.”

“तिथं दुसऱ्या कोणाची सही लागते. मी चूक केली, मीच दुरुस्त केली. ती बरोबर दुरुस्त झाली का, हे दुसऱ्यानं तपासायचं असतं.”

“तपासायचं म्हणजे काय करायचं?”

“नोंद खरी आहे का, ते बघायचं.”

तिनं रजिस्टर मांडीवर ठेवलं. मग शेडकडं तोंड करून हाक मारली, “वहिनीऽऽ!”

ढिगाच्या पलीकडून, सुई न थांबवता, संगीताचा आवाज आला, “काय गं? वरडू नको, हितंच हाय मी!”

“बरोबर हाय,” ईश्वरी मला म्हणाली. तिनं पेन घेतलं आणि ‘तपासले’च्या रकान्यात पूर्ण नाव लिहून सही केली, अक्षर नीट यावं म्हणून पान अंगठ्यानं घट्ट दाबून धरत. अंगठा उचलला तेव्हा तिथं नारिंगी ठसा राहिला.

हात धुवून ये, असं मी तिला म्हटलं नाही.